बिअरचे विरजण कोठून येते?

दही लावायचे तर घरात विरजण हवे आणि ते संपले असेल तर वाटी घेऊन शेजारच्या घरी जावे, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. युरोपातील बिअर बनविणाऱ्यांचा व्यवहारही शतकानुशतके याच न्यायाने चालत आला. एका भट्टीतील आंबवण बिघडले की दुसऱ्या भट्टीतून ताजे आंबवण आणावयाचे आणि पुढील काम सुरू करावयाचे. आज अमेरिका व युरोपात छोट्या बिअरभट्ट्यांची संख्या हजारांनी मोजली जाते आणि घरच्या घरी बिअर बनविणाऱ्या हौशी मंडळींची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. जव, हॉप्स व पाणी यांची या सर्वांना फारशी चिंता नसते. चिंता असते ती ताज्या, जिवंत आणि निर्भेळ यीस्टची, कारण बिअरच्या चार घटकांपैकी सजीव अवस्थेत वापरला जाणारा आणि म्हणूनच वाटेत मरू शकणारा घटक तेवढा एकच आहे.

बिअरची मूळ प्रक्रिया साधी आहे. जवाला मोड आणून तो वाळविला की माल्ट तयार होते. ते गरम पाण्यात भिजविले की त्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. हा गोड काढा, ज्याला वर्ट म्हणतात, हॉप्स घालून उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. पुढचे काम या एकपेशीय बुरशीचे. साखर खाऊन ती अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तर देतेच, पण त्याबरोबर अनेक सुगंधी द्रव्येही निर्माण करते. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरला येणारा पिकल्या केळ्याचा व लवंगेचा वास हा ना केळ्याचा असतो, ना लवंगेचा. तो केवळ यीस्टचा असतो. एकाच वर्टचे दोन भाग करून त्यांत दोन वेगळ्या जातींचे यीस्ट घातले, तर एकमेकींशी नाते सांगता येणार नाही अशा दोन बिअर तयार होतात.

असे असूनही बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध शुद्धता-कायद्यात पाणी, जव आणि हॉप्स एवढ्याच पदार्थांचा उल्लेख आहे. यीस्टचे नाव त्यात नाही. टाकीच्या तळाशी बसणारा किंवा वर फेसाबरोबर येणारा तो राब पुढच्या खेपेस उपयोगी पडतो, हे भट्टीवाल्यांना ठाऊक होते. तो सजीव आहे, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

हॅटच्या डब्यातून आलेले यीस्ट

ताजे यीस्ट मिळविण्याची सर्वांत प्रसिद्ध कथा १८४५ सालची आहे. कोपनहेगनचा उद्योजक जे. सी. जेकबसन याला म्युनिकसारखी, तळाशी आंबणारी लागर बिअर डेन्मार्कमध्ये बनवावयाची होती. म्युनिकच्या श्पाटेन भट्टीतून त्याने यीस्टचे दोन डबे मिळविले आणि घोडागाडीच्या प्रवासात प्रत्येक थांब्यावर त्यांवर गार पाणी ओतत ते घरी नेले. हे डबे त्याने हॅट ठेवण्याच्या डब्यात सांभाळले होते, असे सांगतात. त्या यीस्टवर कार्ल्सबर्गचा कारखाना उभा राहिला. उष्णता हा ताज्या यीस्टचा पहिला शत्रू, हे जेकबसनने कोणत्याही प्रयोगशाळेविना ओळखले होते.

पण ताजेपणा आणि शुद्धता या दोन भिन्न गोष्टी आहेत. लुई पाश्चर याने १८७६ साली बिअरवरील आपल्या ग्रंथात जिवाणूंमुळे बिअर नासते हे दाखविले. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एमिल ख्रिश्चन हॅन्सन याने त्यापुढे पाऊल टाकले. चांगल्या यीस्टमध्ये मिसळलेले रानटी यीस्टही बिअर बिघडवू शकते, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणून त्याने एकच पेशी वेगळी काढून, तिच्यापासून वाढविलेली निर्भेळ जात तयार केली आणि १८८३ साली ती कार्ल्सबर्गच्या उत्पादनात वापरली गेली. जेकबसनने हा शोध स्वतःपुरता दडवून ठेवला नाही. इतर भट्ट्यांनाही हे शुद्ध यीस्ट देण्यात आले. आज जगात जी बहुतांश बिअर खपते, ती लागर जातीचीच असते.

(या लागर यीस्टचे कूळही मोठे मनोरंजक आहे. ते दोन जातींचा संकर असून त्यांपैकी एक पूर्वज दीर्घकाळ बेपत्ता होता. दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात तो सापडल्याचे संशोधकांनी २०११ साली जाहीर केले.)

शेजारधर्म अजून जिवंत आहे

हॅन्सननंतर सर्वांनीच प्रयोगशाळेची वाट धरली, असे मात्र झाले नाही. बेल्जियममधील वेस्टव्लेटरन येथील मठात साधू जी बिअर बनवितात, तिची ख्याती जगभर आहे. तिच्यासाठी लागणारे यीस्ट मात्र वेस्टमाले येथील दुसऱ्या मठातून आणले जाते. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील ल्यूइस गावच्या हार्वेज या भट्टीने १९५७ साली टॅडकॅस्टरच्या जॉन स्मिथ्स भट्टीतून यीस्ट आणले. तेव्हापासून प्रत्येक खेपेचे यीस्ट पुढच्या खेपेला घालत तोच वंश सहा दशकांहून अधिक काळ चालविला गेला. आपल्याकडे एखाद्या घरात आजेसासूच्या वेळचे विरजण चालू असल्याचे कौतुकाने सांगतात, तसाच हा प्रकार.

अर्थात अशा परंपरेत धोकाही असतो. २००९ साली उत्तर इंग्लंडमधील कॉकरमथ गावात महापूर आला आणि तेथील जेनिंग्ज भट्टी पाण्याखाली गेली. भट्टीचे यीस्ट नॉरिच येथील राष्ट्रीय यीस्ट संग्रहात जपून ठेवलेले होते, म्हणून ते पुन्हा मिळू शकले. या संग्रहात हजारो जाती द्रवरूप नायट्रोजनच्या कडाक्याच्या थंडीत साठविलेल्या आहेत. यंत्रसामग्री विम्याच्या पैशातून नव्याने घेता येते. नाहीसा झालेला यीस्टचा वंश कोणत्याही पैशात परत येत नाही, त्यामुळे भट्टीच्या दृष्टीने हा साठा विम्याहून मोलाचा ठरतो.

हौशी मंडळींची अडचण

ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरील परवान्याचे बंधन उठले. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली स्वाक्षरी केलेल्या कायद्याने संघराज्य पातळीवर घरगुती बिअरला करमुक्त मान्यता मिळाली. त्यात एका प्रौढासाठी वर्षाला १०० गॅलन व दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरासाठी २०० गॅलन अशी मर्यादा होती. मान्यता मिळाली, पण यीस्ट कोठून आणावयाचे? त्या काळी हौशी मंडळींच्या हाती पडे ते बहुधा माल्टच्या डब्याच्या झाकणाखाली चिकटविलेले सुक्या यीस्टचे पाकीट. ते किती जुने आहे, कोणत्या जातीचे आहे, दुकानाच्या फळीवर किती उन्हाळे काढून आले आहे, याचा पत्ता नसे. काहीजण पावाचे यीस्ट वापरून पाहत. त्याने आंबते खरे, पण ते नीट तळाशी बसत नाही आणि चवीतही पावाचीच आठवण राहते.

ही उणीव दोन प्रयोगशाळांनी भरून काढली. १९८६ साली ऑरेगन राज्यात वायईस्ट ही कंपनी सुरू झाली आणि १९९५ साली ख्रिस व्हाइट यांनी सॅन दिएगो येथे व्हाइट लॅब्ज स्थापन केली. वायईस्टचे पाकीट मोठे गमतीचे असते. आत पोषकद्रव्यांची एक छोटी पिशवी असते. बाहेरून हाताची चापट मारून ती फोडावयाची आणि पाकीट ऊबेला ठेवावयाचे. यीस्ट जिवंत असेल तर काही तासांत पाकीट फुगते. विकत घेतलेला माल जिवंत आहे की मेलेला, हे ग्राहकाला डोळ्यांनी पाहता यावे, अशी सोय क्वचितच एखाद्या धंद्यात असेल.

हिशेब पेशींचा

ताज्या यीस्टचा आग्रह हा केवळ शौकिनांचा हट्ट नव्हे. त्यामागे अंकगणित आहे. प्रत्येक मिलिलिटर वर्टमध्ये, त्यातील साखरेच्या प्रत्येक अंशामागे साधारण साडेसात लाख जिवंत पेशी असाव्यात, असा एल प्रकारच्या, म्हणजे ऊबेत आंबणाऱ्या बिअरचा ठोकताळा आहे. थंडीत आंबणाऱ्या लागरला याच्या दुप्पट पेशी लागतात. घरगुती भांडे २० लिटरचे आणि वर्ट १२ अंशांचे धरले, तर १८ हजार कोटी पेशी हव्यात. द्रव यीस्टच्या पारंपरिक पाकिटात भरताना सुमारे १० हजार कोटी पेशी असतात. शीतकपाटात ठेवूनही दर महिन्याला त्यांतील पाचवा हिस्सा मरतो, असे ढोबळमानाने धरले जाते. अलीकडील सुधारित पाकिटांत हा वेग कमी असल्याचे उत्पादक सांगतात, हे येथे नमूद केले पाहिजे.

म्हणजे दोन महिन्यांचे पाकीट थेट भांड्यात ओतले, तर गरजेच्या निम्म्याही पेशी पडत नाहीत. मग किण्वन उशिरा सुरू होते आणि तेवढ्या वेळात जिवाणूंना मोकळे रान मिळते. यीस्टवर ताण आल्याने नको ते वासही येतात आणि कधी साखर पूर्ण न संपताच काम थांबते. यावर उपाय म्हणजे ‘स्टार्टर’. एक लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम माल्टची पूड उकळून, थंड करून, त्यात यीस्ट एक-दोन दिवस वाढवावयाचे आणि मग ते मोठ्या भांड्यात घालावयाचे. हे काम अवघड नाही, पण बिअर शनिवारी करावयाची तर तयारी गुरुवारी सुरू करावी लागते आणि नोकरदार माणसाचे घोडे नेमके तेथेच अडते.

त्यात वाहतुकीची भर. उन्हाळ्यात टेक्सास किंवा ॲरिझोनासारख्या राज्यांत बर्फाच्या पिशव्यांसह मागविलेले पार्सलही दाराशी येईपर्यंत कोमट झालेले असते. म्हणून जाणती मंडळी उन्हाळ्यात टपालाने यीस्ट मागविण्याचे टाळतात, दुकानात शीतकपाट आहे का ते पाहतात आणि पाकिटावरील तारीख वाचल्याशिवाय पैसे काढत नाहीत.

नाल्यात जाणारी दौलत

आता याच अंकगणिताची दुसरी बाजू पाहावी. साधारण १२०० लिटरच्या छोट्या व्यावसायिक टाकीला वरील हिशेबाने १० लाख कोटींहून अधिक पेशी लागतात. प्रयोगशाळेकडून प्रत्येक वेळी एवढे यीस्ट विकत घेणे परवडणारे नसते. म्हणून भट्टीवाला ते एकदा घेतो आणि टाकीच्या निमुळत्या तळातून काढून पुन्हा पुन्हा वापरतो. बहुतेक ठिकाणी पाच ते दहा पिढ्यांनंतर नवे यीस्ट मागविले जाते. प्रत्येक किण्वनात यीस्ट तिप्पट-चौपट किंवा त्याहूनही अधिक वाढते. त्यातील एक हिस्सा पुढच्या खेपेसाठी ठेवला की उरलेले बव्हंशी गटारात जाते किंवा गुराढोरांच्या पोटात.

घट्ट यीस्टच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १०० कोटी पेशी असतात. म्हणजे २० लिटरच्या घरगुती भांड्याला हवे असलेले १८ हजार कोटी यीस्ट मावते ते १८० मिलिलिटरमध्ये. वाटीभर! ज्या वस्तूसाठी हौशी माणूस पैसे, दोन दिवसांची पूर्वतयारी आणि टपालाची धाकधूक सोसतो, ती त्याच्या गावातील भट्टीत बादल्यांनी ओतून दिली जात असते आणि तीही ताजी, त्याच आठवड्यात काम केलेली. म्हणूनच अमेरिका व ब्रिटनमध्ये बरणी घेऊन स्थानिक भट्टीच्या दारात जाणारी हौशी मंडळी दिसतात. पुष्कळ भट्ट्या आनंदाने बरणी भरून देतात. काही नकार देतात. ज्यांचे यीस्ट पिढीजात आहे आणि ज्यांच्या चवीचे सारे गुपित त्यात आहे, त्यांचा नकार समजण्यासारखा आहे. पण जे स्वतःच प्रयोगशाळेच्या यादीतील जात वापरतात, त्यांना लपवावयाचे काय असते, हे कळत नाही.

मात्र फुकट मिळाले म्हणून काहीही घरी आणू नये. अतितीव्र बिअरमधून निघालेले यीस्ट थकलेले असते. फार हॉप्स घातलेल्या बिअरच्या यीस्टमध्ये हॉप्सचा चोथा व राळ मिसळलेली असते. जेथे मुद्दाम आंबट बिअर बनवितात, तेथील यीस्टबरोबर जिवाणूही घरी येण्याची शक्यता असते. मध्यम तीव्रतेच्या, साध्या बिअरचे, शक्यतो पहिल्या काही पिढ्यांतील यीस्ट मागावे. टाकीच्या तळातून प्रथम येतो तो तपकिरी गाळ व मेलेल्या पेशी. त्यानंतर येणारा पांढरट, सायीसारखा थर हा खरा माल. त्याला ताज्या पावासारखा वास असावा. मांस शिजविल्यासारखा किंवा रबरासारखा वास आला, तर पेशी मरून फुटू लागल्या आहेत असे समजावे. बरणी निर्जंतुक केलेली हवी. तिचे झाकण घट्ट लावू नये, कारण यीस्ट थंडीतही थोडा वायू सोडत राहते आणि बंद काचेची बरणी फुटून इजा होऊ शकते. असे यीस्ट शीतकपाटात ठेवून एक-दोन आठवड्यांत वापरणे बरे.

व्यावसायिकांना एवढ्यावर भागत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखाली आखणी केलेल्या काचेवर पेशी मोजतात आणि मेथिलिन ब्ल्यू हा रंग घालतात. जिवंत पेशी तो रंग आत टिकू देत नाही, मेलेली निळी होते. एक जुने सूक्ष्मदर्शक, थोडी काचसामग्री आणि रोजची शिस्त एवढ्यावर छोटी भट्टीही हे करू शकते. तरीही अनेक छोट्या भट्ट्या अंदाजानेच काम करतात आणि एका खेपेची चव दुसरीला येत नाही, याचे एक कारण हेच असते.

सुके यीस्ट आणि नॉर्वेचे कडे

सुक्या यीस्टची पूर्वीची बदनामी आता उरलेली नाही. फ्रान्सच्या लेसाफ्र समूहातील फर्मेंटिस आणि कॅनडातील लालेमां यांची पाकिटे शुद्धतेच्या बाबतीत विश्वासार्ह मानली जातात. ती थंड जागी दोन-तीन वर्षे टिकतात आणि त्यांना स्टार्टरची गरज पडत नाही. अडचण एवढीच की प्रत्येक जात वाळविणे सोसत नाही, त्यामुळे द्रव यीस्टइतकी विविधता येथे मिळत नाही.

गंमत म्हणजे यीस्ट वाळविण्याची कला कारखान्यांच्या आधीपासून नॉर्वेच्या शेतकऱ्यांना साधलेली होती. पश्चिम नॉर्वेतील शेतघरांत ‘क्वाइक’ नावाचे यीस्ट लाकडी कड्यांवर, भोके पाडलेल्या ओंडक्यावर किंवा गवताच्या कड्यावर माखून वाळविले जाई आणि महिनोन्महिने टांगून ठेवले जाई. ज्याचे बिघडे, तो शेजाऱ्याकडून घेई. लेखक लार्स मारियस गार्शोल यांनी गावोगाव हिंडून या परंपरेची नोंद केली आणि २०१० च्या दशकात ती जगभरच्या भट्ट्यांना कळली. या यीस्टचे वैशिष्ट्य असे की इतर जाती जेथे बिघडतात, त्या ३० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात ते झपाट्याने व स्वच्छ काम करते. व्होस गावाकडील क्वाइक आता सुक्या पाकिटातही मिळते.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनविणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे. घरगुती बिअरचा प्रश्न त्यामुळे येथे उद्भवत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वाचकांनाच वरील बरणीचा उपयोग व्हावा. परवानाधारक मायक्रोब्रुअरी मात्र येथे चांगल्याच रुजल्या आहेत. पुण्यात २००९ साली सुरू झालेली डूलाली ही राज्यातील या पिढीची सुरुवात. दूरवरच्या प्रयोगशाळेतून विमानाने, मग सीमाशुल्काच्या गोदामातून, मग एप्रिलच्या उन्हातून द्रव यीस्ट जिवंत आणणे हा मोठाच खटाटोप आहे. साहजिकच सुक्या पाकिटांकडे ओढा राहतो.

यीस्टच्या शास्त्राला पुणे परके नाही. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि तेथे अन्य सूक्ष्मजीवांबरोबर यीस्टच्या जातीही जतन केलेल्या आहेत. पण संग्रहातून मिळते ती छोट्या नळीतील बीजरूप जात. तिच्यापासून हजार लिटरच्या टाकीपुरते यीस्ट टप्प्याटप्प्याने, निर्जंतुक भांड्यांत वाढविणे हे वेगळे काम आहे. अमेरिकेतील प्रयोगशाळा मुळात याच कामाचे पैसे घेतात. यीस्टची जात जवळ असणे आणि ते टाकीपुरते ताजे मिळणे, यांत हे अंतर आहे.

शेजारच्या गोव्यात तर या व्यवहाराची उलटी बाजू पाहावयास मिळते. तेथील पोदेर, म्हणजे पाववाले, पिढ्यान्‌पिढ्या पावाचे पीठ आंबविण्यासाठी माडाची ताजी सूर वापरीत. सुरेत उतरविल्यापासूनच नैसर्गिक यीस्ट काम करू लागते, त्यामुळे ती रोज ताजीच आणावी लागे. युरोपातही कारखान्यातील दाबलेले यीस्ट येईपर्यंत पाववाले बिअरभट्टीतून फेस आणून पीठ फुगवीत. अमेरिकेत असे दाबलेले यीस्ट फ्लाइशमन बंधूंनी १८६८ साली बाजारात आणले आणि भट्टीच्या दारातली पाववाल्यांची रांग संपली. गोव्यात माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, सूर महाग झाली आणि बहुतेक पोदेरांनी पाकिटातले यीस्ट हाती घेतले. सुरेवर आंबविलेला पाव आजही काही मोजक्या भट्ट्यांत मिळतो, पण त्यासाठी सकाळी लवकर जावे लागते.